खड्ड्याचं माप

अप्पांसाठी खणलेल्या खड्ड्यात त्यांच्या आधी मी उतरलो होतो.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आडवंही निजवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या काठी आमची रुद्रभूमी आहे. उमरग्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. तेव्हा राज्य निजामाचं होतं, आणि ते जायला अजून अडीच-तीन वर्षं होती.

माझे वडील, म्हणजे अप्पा, धान्याच्या आडतीवर गादीवर बसल्या बसल्या गेले. समोर मापाडी तूर तोलत होता. अप्पांची मान खाली आली तेव्हा त्याला वाटलं, डुलकी लागली. त्यानं आणखी दोन पोती तोलली. मग वजन ओरडून सांगितलं तरी "हूं" आलं नाही, तेव्हा तो उठून जवळ गेला.

अप्पा फार जाड होते. चार माणसांनी उचलायच्या डोलीला आठजण लागले, आणि ते आठहीजण वाटेत तीनदा थांबले. रुद्रभूमीत पोचलो तर खड्डा अरुंद निघाला. खड्डे खणणारा म्हातारा गावात एकटाच होता. त्यानं नेहमीच्या अंदाजानं खणलं होतं. डोली लिंबाच्या सावलीला टेकवली. ऊन डोक्यावर आलेलं. अप्पा मांडी घालून, डोळे मिटून बसलेले, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडं न बघायचा प्रयत्न करत उभे.

"किती वाढवायचा?" कुणीतरी विचारलं.

म्हाताऱ्यानं कुदळ टेकली आणि जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"मालक, तुमी उतरा जरा. मांडी घालून बसा. तुमी त्येंच्याच मापाचे हाव."

विधी करायला आलेल्या स्वामींनी मान हलवली. मी उतरलो. खाली माती गार होती आणि ओली लागत होती. मी मांडी घातली. माझ्या दोन्ही गुडघ्यांना दोन्हीकडची भिंत लागली. म्हाताऱ्यानं वरून वाकून बघितलं, कुदळीनं माझ्या गुडघ्याबाहेर एक-एक रेघ मारली आणि म्हणाला, "हां. आता बसतेत."

मला वर काढायला तिघं लागले. मग खड्डा वाढवला, आणि मी बसलो होतो तिथंच अप्पांना बसवलं. भोवती मीठ आणि भस्म भरलं. शेवटची माती पडताना माझ्या गुडघ्यांना ती गार भिंत अजून लागलेलीच होती. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.

तेराव्या दिवशी मला गादीवर बसवलं. त्या गादीला अप्पांच्या बसण्यानं मधोमध खोलगट खळगा पडला होता. मी टेकलो आणि बरोबर त्या खळग्यात बसलो, कुठं सैल नाही की कुठं आवळ नाही. मापाडी म्हणाला, "थोरले मालकच बसल्यागत वाटतंय." तो कौतुकानं म्हणाला होता. मी गादीच्या कडेला सरकलो.

त्याच दिवशी दुकान बंद झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मला तोला."

तो हसला नाही. तीन लाकडांच्या घोड्याला काटा टांगलेला असे. एका पारड्यात मी बसलो, दुसऱ्यात तो लोखंडी मापं ठेवत गेला. धान्य मोजताना मापाडी एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सवयीनं तो तसंच म्हणाला. "लाभ... दोन... तीन." मग पाच शेर आणखी. तीन मण पाच शेर, म्हणजे सव्वाशे शेर. पारडं जमिनीवरून उचललं गेलं तेव्हा काटा करकरला.

उमरग्याला एक म्हातारे हकीम बसत. त्यांनी बराच वेळ माझी नाडी धरली. मग डोळे न उघडताच विचारलं, "वालिद कैसे गुजरे?"

मी सांगितलं.

"कितने बरस के थे?"

"बावन्न."

"देखो अन्ना," ते म्हणाले, "दवा नक्को. एक भाकरी, ताक, भाजी. घी, शक्कर, पूरन सब बंद. और पैदल चलो. रोज. दो बरस."

"दोन वर्षं?"

"जो तीस बरस में चढा, वो दो महिने में उतरता क्या?"

चालायला मी रुद्रभूमीची वाट धरली. सकाळी, उन्हं वर यायच्या आत. लोकांना वाटे, मुलगा बापाच्या समाधीला जातो. खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या कुठल्याही वाटेला मी लागलो असतो तर पहिल्या पारावरच बसलो असतो. पाय उचलायला मला तो खड्डा हवा होता. पहिल्या दिवशी अर्ध्या कोसात मी सहा वेळा टेकलो आणि परत येताना एका गाडीवानाला हात केला. दुसऱ्या दिवशी पाच वेळा टेकलो.

पहिले तीन महिने भीतीनं मला चालवलं. पारड्यात बसल्यावर दर महिन्याला दोन-तीन शेर कमी भरत. पण भीतीचंही दुधासारखंच असतं, रोज तीच तापवली तर टिकते, नाहीतर नासते. चौथ्या महिन्यात एक सकाळ अशी आली की मी समाधीजवळ बसलो होतो आणि मनात येत होतं, आज घरी गेल्यावर दोन भाकरी खाल्ल्या तर काय बिघडेल? खड्ड्याची आठवण काढली. ती आली, पण नुसतीच आली.

त्याच सकाळी मला दिसलं की समाधीवरची माती खचली आहे.

आधी ढिगारा कमरेएवढा होता. आता मध्ये परातीएवढा खळगा पडला होता. मी खणणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून दाखवलं. तो ओढ्याजवळ झोपडीत राहायचा. त्यानं येऊन हातानं माती दाबून बघितली.

"खचायचंच," तो म्हणाला. "आत जागा मोकळी व्हायलीय."

"म्हणजे?"

"माणूस वाळतंय, मालक. मीठ हाय भवतीनं. थोरले मालक बी उतरायलेत." मग माझ्याकडं वर-खाली बघत तो म्हणाला, "तुमच्यासंगं."

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. शेतातल्या पिकाबद्दल बोलावं तसा तो बोलला. दोन टोपल्या माती आणून त्यानं खळगा भरला आणि निघून गेला. अप्पा आणि मी, एक मातीच्या आत आणि एक वर, एकाच मापाचे दोघं, एकाच वेळी कमी होत होतो. त्या दिवशी मी एकच भाकरी खाल्ली. नंतरही जेव्हा जेव्हा मन फिरलं, मी जाऊन ती माती बघत असे. दर दोन-तीन महिन्यांनी ती खचलेली असे, आणि म्हातारा दोन टोपल्या आणून टाके. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मला चालतं ठेवलं ते या मातीनं.

वर्ष झालं तेव्हा मी दोन मण तीस शेरांवर आलो होतो. त्या सुमाराला बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिचं माहेर सोलापूरच्या बाजूला, निजामाच्या हद्दीपलीकडं. निघताना ती म्हणाली होती, "बारशाला यायचंय." पण मुलगी झाल्याचा निरोप आला तोवर इकडं निजामाच्या मुलखात मारझोड-जाळपोळ सुरू झाली होती. नाक्यांवर शिपाई माणसं अडवत होते, सडकेनं जाणं धोक्याचं झालं होतं. बारसं माझ्याशिवाय झालं.

घरात अव्वा आणि मीच उरलो. अव्वा म्हणजे माझी आई. अप्पा गेल्यापासून ती कमी बोलायची. माझ्या अंगाचं उतरणं तिला सोसत नव्हतं, हे मला दिसत होतं. गावातही कुजबूज होती. आमच्या भागात माणूस कारण नसताना झिजायला लागलं की लोक एकच नाव घेतात, भानामती. शेजारच्या बाईनं अव्वाला विचारलं म्हणे, "कपड्यावर फुल्या उठतेत का? घरात दगड पडतेत का?" तसं काहीच नव्हतं. पण एक दिवस आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी बिब्बा आणि लिंबू ठेवून गेलं. आडतीवर येणारे शेतकरी माझ्या हातून पाणी घ्यायला कचरू लागले. माझे सदरे अंगावर लोंबत. गालावरची कातडी सैल पडली होती. आरशात बघितलं की ओळखीचं कुणीतरी आजारी आहे असं वाटे.

आणि मग वजन वाढायला लागलं.

एका महिन्यात दोन शेर, पुढच्या महिन्यात आणखी दोन. मी एकच भाकरी खात होतो. चालणं चुकत नव्हतं, उलट मी रुद्रभूमीच्या पुढं, ओढा ओलांडून टेकाडापर्यंत जायला लागलो होतो. मापाड्यानं मापं बदलून बघितली, काट्याची दोरी बदलली. काटा खोटं बोलत नव्हता. मी भाकरी अर्धी केली. तरी दीड शेर वाढलं. गादीवर बसलो की मांड्या पुन्हा त्या खळग्यात बसू लागल्यासारख्या वाटत. रुद्रभूमीत जाऊन बघितलं तर माती जशीच्या तशी, मुळीच खचलेली नाही. मला वाटायला लागलं, अप्पा उतरायचे थांबलेत. नाहीतर तिथून निघून ते माझ्यात यायला लागलेत. मी शाळेत शिकलेला, उर्दूत हिशेबापासून भूगोलापर्यंत सगळं घोकलेला माणूस. पण त्या दिवसांत मी हे खरं मानत होतो.

एक दिवस दुपारी अंग कसकसत होतं म्हणून मी आडतीवरून लवकर घरी आलो. पायांत जोडा नव्हता. पूर्वी मी आलो की अंगणातली फरशी वाजायची, आता माझं पाऊल वाजत नव्हतं. स्वयंपाकघरातून अव्वाचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी हळू बोलत होती.

"खावा की. थोडं तरी खावा. लई वाळलाव तुमी."

तुमी. मला ती आयुष्यात कधी तुमी म्हणाली नव्हती. घरात ती ज्या एकाच माणसाला तुमी म्हणायची, तो ओढ्याकाठी बसला होता.

मी दारात आलो. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. समोर माझा ताकाचा तांब्या. शेजारी वाटीत लोण्याचा गोळा. ती बोटानं लोणी तोडून ताकात टाकत होती आणि रवीनं घुसळून मोडत होती, वर तरंगू नये म्हणून. आमटीच्या भांड्यात शेंगदाण्याचं कूट मूठभर पडलेलं दिसत होतं. समोर कुणीच नव्हतं. ती मात्र मान थोडी वर करून, समोर पाटावर बसलेल्या माणसाकडं बघावं तशी बघत होती.

"अव्वा, कुणाशी बोलायलीस?"

ती दचकली नाही. सावकाश वळली. "कुणाशी न्हाय."

"लोणी घालायलीस ताकात?"

"व्हय."

"किती दिवस?"

"दिवाळीपासनं."

मला राग यायला हवा होता. चार महिने मी आधी एका आणि मग अर्ध्या भाकरीवर काढले होते, वेड लागायची पाळी आली होती. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून राग तोंडापर्यंत आला नाही. मी खाली बसलो.

"का गं?"

तिनं रवी तांब्यातून काढून बाजूला ठेवली. "तुझा बाप गेला तवा मी रडले न्हाय. लोक म्हणले, बाई दगडाची हाय. मला रडूच येईना. तू समोर बसायचास, तसंच जेवायचास, तसाच दम टाकायचास. ते गेलेत असं वाटंचना." मग तिनं माझ्या गालाला हात लावला. "हितं हुते ते. गाल हुते तवर हुते. आता शोधावं लागतंय."

"अव्वा, मी असाच राहिलो असतो तर मी पण गेलो असतो."

"ठाव हाय. हकिमानं सांगितलेलं ठाव हाय मला." तिनं ताकाचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि परत मागं घेतला. "पन दोनदा न्हाय बघवत रे. एकदा गेले ते गेले. दुसऱ्यांदा रोज थोडं थोडं जायलेत."

ते ताक मी प्यायलो. लोण्यासकट. ते शेवटचं, असं तिला सांगून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बरोबर नेलं. अंत्यविधीनंतर ती रुद्रभूमीत आली नव्हती. समाधीजवळ पोचलो तर माती पुन्हा खचलेली होती, चांगली हातभर. खणणारा म्हातारा टोपली घेऊन आलाच. मी डोळ्यांनी त्याला गप्प राहा म्हणून खुणावत होतो, पण अव्वानंच विचारलं, "हे असं कशानं झालं?"

"आत मोकळं व्हायलंय, अव्वा," तो म्हणाला. "हलके झाले मालक."

अव्वा खाली बसली. खळग्यात तिनं हात घातला, कोपरापर्यंत. माती चाचपत राहिली, जशी रात्री अंधारात कुणाच्या अंगावरचं पांघरूण चाचपावं. मग ती रडली. दोन वर्षांनी. मी आणि म्हातारा थोडे लांब जाऊन उभे राहिलो. रडून झाल्यावर तिनं त्याच्या हातातली टोपली घेतली आणि माती स्वतः ओतली.

त्यानंतर ती ताकातलं लोणी काढून देऊ लागली. पुढच्या सहा महिन्यांत मी दोन मण दहा शेरांवर आलो. काही भुतासारखं चिकटलेलं सुटलं म्हणून नव्हे. जेवणातलं लोणी सुटलं म्हणून. तरीही सांगायला हवं की त्या सहा महिन्यांत समाधी एकदाही खचली नाही. यावर मी कधी फार विचार केला नाही. केला असता तर वाटेला लागायचं धाडस झालं नसतं.

मग गावं रिकामी व्हायला लागली. ते सगळं मी इथं लिहीत नाही. आमच्या शेजारचं गाव जळालं तेव्हा आम्हीही निघालो. सडकेनं जाणं शक्य नव्हतं. शेताशेतातून, दिवसा उभ्या पिकात दबून आणि दिवेलागणीच्या आधी एखादं निवाऱ्याचं ठिकाण गाठत, दोन दिवसांची वाट. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आम्ही एका गावातून गेलो तिथं एकही माणूस नव्हतं. दारं सताड उघडी. एका ओसरीवर जात्यात अर्धं दळण तसंच. एका चुलीवर तवा, तव्यावर करपून काळी पडलेली भाकरी. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. चालण्याचा आवाज आमचाच होता आणि तो एवढा मोठा वाटत होता की अव्वानं पैंजण नसलेल्या पायांकडं दोनदा बघितलं. त्या गावाच्या शिवेवर तिचे पाय गेले. खाली बसली ती उठेना.

मी तिला पाठीवर घेतलं. पोतं घेतात तसं नाही, लेकरू घेतात तसं. पाऊण कोस असेल. बाभळीच्या रानापर्यंत.

पाठीवरून ती म्हणाली, "तुझ्या बापाला हे जमलं नसतं."

तिच्या आवाजात त्यांची बाजू सोडल्याचं दुःख होतं. मी चालत राहिलो. दम राखून ठेवायचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासरवाडीच्या दारात उभे राहिलो. बायको अंगणात सडा टाकत होती. तिनं अव्वाला ओळखलं, धावत आली, पाया पडली. मग तिची नजर माझ्याकडं वळली आणि तिनं झटकन पदर पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. हळू आवाजात तिनं अव्वाला विचारलं, "हे कोण आलेत संगट?"

मीच म्हणालो, "मी आहे."

बायकोच्या हातातली पाण्याची बादली कलंडली. ती पदराआडून माझ्याकडं बघत राहिली. पुढं आली नाही. आतून सासूबाईंच्या कडेवर माझी मुलगी आली, तिनं मला कधी बघितलंच नव्हतं. तीच एकटी माझ्याकडं सरळ आली.

पुढचे कितीतरी दिवस बायको माझ्यापुढं ताट ठेवताना नजर खाली ठेवायची. मला वाटलं, रागावली आहे. एका संध्याकाळी मी ओसरीवर बसलो असताना ती मागून येऊन थांबली. म्हणाली, "एक सांगू? तुम्ही तिकडं तोंड करून बोलाल का जरा?"

"काय बोलू?"

"काहीपण."

मी अंगणाकडं तोंड करून तुरीच्या भावाबद्दल, वाटेतल्या ओढ्याबद्दल, असंच काहीबाही बोलत राहिलो. ती माझ्या पाठीमागं भिंतीला टेकून बसली. "आवाज तोच हाय," ती म्हणाली. महिनाभर आम्ही असेच बसत होतो. मग एक दिवस ती उठून समोर येऊन बसली.

सासरवाडीचा पाहुणचार वाईट असतो. भाकरीवर तूप, सणाला पुरण, नको म्हणावं तर सासूबाईंचा चेहरा पडे. तिथं काटा नव्हता, पण चार महिन्यांत धोतराची गाठ मागं सरकली ते मला कळत होतं. रुद्रभूमी लांब राहिली होती, तिथल्या मातीकडं बघायची सोय नव्हती. एका सकाळी मी उठलो, पायांत जोडा घातला आणि अंगणाच्या बाहेर पडलो. सडा टाकता टाकता बायकोनं विचारलं, "कुठं?"

"चालायला. त्या विहिरीपर्यंत."

"बरं. पण फार कमी होऊ नका आता," ती म्हणाली, आणि बादलीतलं उरलेलं पाणी तुळशीला घालायला वळली.

विहिरीपर्यंत मी दोनदा टेकलो.